चोवीस नंबरचा बोल्ट

माझ्या मेहुण्याचं एक पत्र सव्वीस वर्षं माझ्याकडे उत्तराविना पडून आहे. पडून आहे म्हणणंही खरं नाही, मी ते जपून ठेवलं आहे. या काळात मी तीन घरं बदलली, निम्मी पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली, पण ते पत्र दर वेळी माझ्यासोबत आलं. आधी ते शब्दकोशात होतं. मग वाटलं, शब्दकोश कोणीही उघडेल, म्हणून रायफलींवरच्या एका जुन्या पुस्तकात ठेवलं. ते माझ्याशिवाय कोणी उघडण्याची भीती नव्हती.

पत्र अर्ध्या पानाचं आहे. अक्षर लेथवर काम केलेल्या माणसाचं, एकसारखं, दाबून काढलेलं.

‘दादांस नमस्कार. बाबा जाऊन दोन महिने झाले. त्यांना एक गोष्ट विचारायची राहून गेली, ती आता तुम्हाला विचारतो. त्या दिवशी चोवीस नंबरचा बोल्ट घालताना मी हाक मारली होती आणि तुम्ही “बरोबर” म्हणाला होतात, असं मला आठवतं. की हे मी मनानेच जुळवलं आहे? राग मानू नका. हो किंवा नाही एवढं कळवलंत तरी पुरे.’

हो किंवा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर वाचन केलं, त्याला एक शब्द लिहायला सव्वीस वर्षं पुरली नाहीत.

बाबा एका नेमबाजी क्लबच्या शस्त्रखोलीचे प्रमुख होते. खोलीत चाळीस रायफली होत्या, सगळ्या एकाच बनावटीच्या, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता अडसर, हाताने मागेपुढे ओढायच्या. मी तिथेच कारकून होतो. कोणती रायफल कोणी नेली, केव्हा परत आणली, हे लिहायचं आणि उरलेल्या वेळात वाचायचं. रायफलीवर लिहिलेलं जे हाती लागेल ते सगळं मी वाचलं होतं. नळीतल्या खाचा कशा कापतात, दारूची काजळी धातूला कशी खाते, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण नळी साफ करायची सळई हातात घेतली की ती कुठेतरी अडे, आणि बाबा मागून म्हणत, “ए, ठेव ती खाली. नळी आहे, दौत नव्हे.”

बाबांची एक पद्धत होती. ती कुठल्याच पुस्तकात मला सापडली नाही. साफ करताना बोल्ट रायफलीतून बाहेर काढतात. एका वेळी चार-पाच रायफली टेबलावर असल्या की चार-पाच बोल्ट शेजारी शेजारी पडतात आणि दिसायला सगळे जुळे भाऊ. प्रत्येक बोल्टच्या दांड्यावर त्याच्या रायफलीचा नंबर ठोकलेला असे. बोल्ट परत घालण्याआधी घालणाऱ्याने तो नंबर आणि रायफलीवरचा नंबर पाहून मोठ्याने हाक मारायची. खोलीतल्या दुसऱ्या माणसाने येऊन दोन्ही नंबर स्वतः पाहायचे आणि ‘बरोबर’ म्हणायचं. खोलीत दुसरा माणूस नसेल तर बोल्ट घालायचाच नाही, ट्रेमध्ये ठेवून वाट बघायची. मग अर्धा तास लागो की अर्धा दिवस.

याला कारण होतं. दुसऱ्याचा बोल्टही रायफलीत बसतो, बंदही होतो. पण प्रत्येक बोल्ट त्याच्या रायफलीच्या मापाला घासून बसवलेला असतो. अदलाबदल झाली तर काडतुसामागे केसाएवढी फट राहू शकते, आणि बार उडाला की काडतूस मागच्या बाजूने फाटून त्याचा झोत नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. रायफलीला गाल लावूनच नेम धरतात. डोळा तिथेच असतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा, चिमीचा नवरा ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, तेव्हा बाबांनी त्याला क्लबात आणलं. महिन्याभरात सगळा क्लब त्याला जावईबापू म्हणू लागला, चिटणीससाहेबसुद्धा. त्याचे हात पाहण्यासारखे होते. हे लिहितानाही मला जड जातंय. तो सळई नळीत घाली तेव्हा ती नळीला कुठे लागल्याचा आवाज येत नसे. बाबा स्टूल ओढून त्याच्यासमोर बसत आणि नुसते बघत. माझ्याकडे ते असे कधी बघत बसले नव्हते.

“तुम्ही करा हो जावईबापू, तुमचा हात आहे,” ते म्हणायचे. मग माझ्याकडे वळून, “ए, तू तुझं रजिस्टर बघ.”

त्याला अहो-जाहो, मला ए. जावयाला अहो म्हणतातच, हे मला कळत होतं. कळून पोटात दुखायचं थांबत नाही. एकदा चिटणीससाहेबांना बाबा सांगत होते, “जावई नाही हो, मुलगाच मिळाला मला.” मी दोन हातांवर बसलो होतो. साहेबांनी ओशाळून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलंही नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट करू लागलो. दुपारी ते दोघे मागच्या अंगणात डबा खायला जात. मी डबा टेबलाशीच खायचो, वाचत. ते गेले की मी जावईबापूने साफ केलेली एखादी रायफल उतरवायचो, बोल्ट काढायचो आणि पांढऱ्या कापडाचा कोरा तुकडा सळईला लावून नळीतून फिरवायचो. मला तो तुकडा काळा होऊन बाहेर यायला हवा होता. एवढंच मागणं होतं. एकदा तरी काळा, निदान करडा. तो तुकडा मी बाबांच्या पुढ्यात ठेवणार होतो. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं: “हा बघा तुमचा हात.”

चार महिने मी हे केलं. तुकडा दर वेळी पांढराच निघायचा. इतकं पांढरं कापड पाहून कोणाचा जीव जळला असेल, असं मला वाटत नाही.

त्या दिवशी सकाळी जावईबापूने चोवीस आणि सत्तावीस या दोन रायफली साफ केल्या. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती.

“चोवीस!” त्याने हाक मारली.

मी उठलो, दोन्ही नंबर पाहिले. “बरोबर.”

“सत्तावीस!”

“बरोबर.”

“दादा, तुमच्या ‘बरोबर’मध्ये जरा जीव घाला की,” तो हसत म्हणाला, “रायफल घाबरते माझी.”

तेवढ्यात बाहेरून आत आलेले बाबाही त्याला हसताना पाहून हसले. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विनोद साधा होता, आणि खरं तर बराही होता.

दुपारी ते डबा खायला गेले. लवकर आटपावं म्हणून मी दोन्ही रायफली एकदम उतरवल्या आणि दोन्ही बोल्ट काढून टेबलावर ठेवले. पहिला तुकडा पांढरा. दुसरा तुकडाही पांढरा. अंगणातून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मग हसणं थांबलं आणि पावलं वाजली. मी बोल्ट घातले, रायफली जागेवर लावल्या, तुकडे खिशात कोंबले आणि पुस्तक उघडलं. नंबर पाहिले नाहीत. हाक मारायला आवाज लागतो, आणि मी जे करत होतो त्याला आवाज चालण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायफली देण्याआधी बाबांनी नेहमीप्रमाणे सगळे नंबर तपासले. चोवीसच्या पोटात सत्तावीसचा बोल्ट होता.

ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही रायफली टेबलावर ठेवल्या, बोल्ट उघडे ठेवून, आणि आम्हा दोघांना बोलावलं.

“जावईबापू, हे काय?”

तो वाकून बघत राहिला. “मी हाक मारली होती, बाबा.”

बाबा माझ्याकडे वळले. “तू पाहिलंस? ‘बरोबर’ म्हणालास?”

इथे मी थांबतो. गेली तीस वर्षं मी इथेच थांबतो. मला तेव्हाच कळलं होतं काय झालं ते, कालपासून खिशातच राहिलेले ते दोन तुकडे मांडीला चटका देत असल्यासारखे वाटत होते. मी म्हणालो, “आठवत नाही. मी लिहीत होतो.”

जावईबापूने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. आपल्या खिशातली किल्ली नाहीशी झाल्यावर माणूस जसा पुन्हा पुन्हा तोच खिसा चाचपतो, तसं तो बघत होता. मग म्हणाला, “मग माझंच चुकलं असेल. मला वाटलं, मी हाक मारली.”

“कोणाचा तरी डोळा गेला असता,” बाबा हळू म्हणाले.

“हो, बाबा.”

“आजपासून टेबल याच्याकडे.”

याच्याकडे म्हणजे माझ्याकडे. मला जे हवं होतं ते मिळालं. पुढची चार वर्षं, बाबा जाईपर्यंत, रायफली मी साफ केल्या. वाईट केल्या असं नाही, पुस्तकाप्रमाणे केल्या. बाबा स्टूल ओढून कधी समोर बसले नाहीत. कधी कधी दाराकडे बघत मात्र.

जावईबापूने दोन महिन्यांत क्लब सोडला आणि दुसऱ्या गावी खोकी रचण्याचं काम धरलं. हात चुकला तर फार तर खोकं पडतं, असं तो चिमीला म्हणाला होता म्हणे.

हे सगळं असंच राहिलं असतं. गेल्या महिन्यात चिमीचा फोन आला.

“दादा, जिवंत आहेस ना? की पुस्तकाखाली गाडला गेलास?”

“आहे अजून.”

“ऐक. आमची नात नेमबाजी शिकतेय. चौदाची झाली. त्यांच्या क्लबात रायफल स्वतः साफ करावी लागते, सर समोर असतात, पण सर घाईचे. म्हटलं, घरात एवढा जाणता माणूस आहे, ह्यांनी शिकवावं. हे दर वेळी तिच्याबरोबर क्लबात जातात आणि दारातच उभे राहतात. आत येत नाहीत. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तीस वर्षं झाली दादा, हा माणूस घरातल्या नळाचा वॉशर बदलत नाही. प्लंबर बोलावतो! लेथवर काम केलेला माणूस! ते जाऊ दे. तुला बाबांची पद्धत येते. लिहून पाठव पोरीला. तूच आता तिचा उस्ताद.”

उस्ताद. बहात्तराव्या वर्षी तो शब्द मी खडीसाखरेसारखा तोंडात घोळवला. त्याच दिवशी लिहायला बसलो. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बाबांची विद्या पुढे जाणार होती, माझ्या अक्षरात. त्याच्या नातीकडे, आणि त्याच्या हातून नव्हे.

तीन पानं झाली. जमेल तेवढं सोपं लिहिलं.

‘बाळ, आधी सर जवळ असल्याशिवाय रायफलीला हात लावू नकोस. नळीचं तोंड नेहमी भिंतीकडे, माणसाकडे कधीच नाही, आणि बोट चापापासून लांब. काडतुसं साफसफाईच्या टेबलावरच काय, त्या खोलीतही नकोत. मॅगझिन काढ. बोल्ट मागे ओढ. काडतूस बसतं ती जागा डोळ्यांनी बघ, मग करंगळी घालून चाचप. रिकामी आहे याची स्वतः खात्री कर. दुसऱ्याने “रिकामी आहे” म्हटलं तरी तू पुन्हा बघ, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

‘मग बोल्ट काढून ट्रेमध्ये ठेव. खिडकी उघड, नळी साफ करायच्या औषधाचा वास डोक्यात जातो. सळई मागून, बोल्ट निघालेल्या बाजूने घालायची. पुढून घातली तर नळीच्या तोंडाची कड घासते, आणि गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचाच असतो. औषधात भिजवलेला कापडाचा तुकडा आधी फिरव आणि थोडा वेळ थांब. मग पितळी ब्रश, पण तो पूर्ण पलीकडे निघू दे, नळीच्या मध्यात उलटा फिरवू नकोस. मग कोरडे तुकडे, पांढरा निघेपर्यंत. शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. बोल्टच्या पुढच्या टोकाला असलेले दोन कान पुसून त्यांना टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस. चापाच्या आत तेल ओतू नकोस, तिथे धूळ चिकटते. पुढच्या वेळी गोळी झाडण्याआधी एक कोरडा तुकडा फिरवून नळीतलं तेल काढ आणि नळी मोकळी आहे ना ते बघ. हात साबणाने धू. रायफल सरांसमोर कुलपात.’

‘पांढरा निघेपर्यंत’ लिहिताना पेन अडखळलं, पण मी पुढे गेलो. मग आलं शेवटचं कलम. ‘बोल्ट परत घालताना नंबरची हाक मार. जवळ जो कोणी असेल त्याने स्वतः पाहून “बरोबर” म्हणावं.’

जवळ जो कोणी असेल. तिच्या जवळ कोण असणार होतं?

मी पानं पाकिटात घातली, पण चिकटवलं नाही. चार दिवस गेले. मग पोरीचाच फोन आला.

“मामाआजोबा, कधी पाठवताय? आमचे सर म्हणतात, सळई पुढून घातली तरी काही बिघडत नाही.”

“बिघडतं!” मी ओरडलो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

ती खो खो हसली. “आजोबापण सेम असेच ओरडले! दारातून! सर एवढे दचकले ना!”

“मग? आत आले?”

“नाही ना. लगेच बाहेर जाऊन उभे राहिले. मामाआजोबा, एक सांगू? मी साफ करते ना, तेव्हा ते दाराबाहेरच्या बाकावर बसून बघतात आणि त्यांचे हात मांडीवर हलतात. म्हणजे मी सळई ढकलली की त्यांचापण हात पुढे जातो. मी थांबले की थांबतो. त्यांना कळत पण नाही. मी मुद्दाम थांबून बघितलं.”

“कसा हलतो हात?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

“एकदम हळू. लोण्यातून गेल्यासारखा.”

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज नको. मला हेवा वाटला. रायफल नाही, सळई नाही, तीस वर्षं नुसती खोकी रचली, तरी त्याचा हात लोण्यातून जातो, आणि समोर स्टूल ओढून बघणारं कोणीतरी आजही आहे. पोर मुद्दाम थांबून त्याचे हात बघते. माझी तीन पानं ती वाचेल, सांभाळूनही ठेवेल. मुद्दाम थांबून मात्र बघणार नाही.

मी हो लिहिलं तर ती त्याची होणार. मी नाही लिहिलं, किंवा काहीच लिहिलं नाही, तर उस्ताद मी. हिशेब इतका सरळ होता. आणि त्या बाकावरचे हात मरेपर्यंत मांडीवरच हलणार होते.

दुसऱ्या दिवशी मी ते जुनं पुस्तक काढलं, पत्र उलगडून समोर ठेवलं आणि उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा पाच पानांचा झाला. त्यात माझं बालपण होतं, बाबांचा स्वभाव होता, दोन उताऱ्यांचे दाखले होते. वाचून पाहिला तर सबंध पत्रात ‘मी केलं’ हे वाक्य नव्हतं. फाडला. दुसऱ्यात ते वाक्य होतं, पण ‘अनवधानाने’ या शब्दाला बिलगून. तोही फाडला. तिसरा असा झाला:

‘जावईबापूंस नमस्कार.

‘तुमच्या पत्राचं उत्तर: हो. तुम्ही चोवीसची हाक मारली, मी नंबर पाहिले आणि “बरोबर” म्हटलं. मग सत्तावीसची मारली, मी नंबर पाहिले आणि “बरोबर” म्हटलं. दोन्ही बरोबर होते.

‘दुपारी तुम्ही आणि बाबा डबा खायला गेलात तेव्हा मी दोन्ही बोल्ट काढले. तुमच्या कामात खोट सापडते का ते बघत होतो. चार महिने बघत होतो. एकदाही सापडली नाही. तुमची पावलं ऐकून मी बोल्ट घाईने घातले आणि अदलाबदल केली. ती चूक माझ्या हाताची. बाबांनी विचारलं तेव्हा मला सगळं आठवत होतं.

‘मला तुमचा हेवा वाटत होता. अजून वाटतो. क्षमा मागतो, पण ती करायलाच हवी असं नाही.

‘सोबत पोरीसाठी तीन पानं आहेत. आधी तुम्ही वाचा. मी हे सगळं पुस्तकातून शिकलो, तेव्हा चुकलं असेल तिथे दुरुस्त करा. शेवटच्या कलमात “जवळ जो कोणी असेल” असं लिहिलं होतं, ते खोडून तुमचं नाव घातलं आहे. चिमीला हे पत्र दाखवा.’

‘चिमीला दाखवा’ ही ओळ मी दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा पुन्हा लिहिली. म्हणून तिथे कागद जरा फाटला आहे.

टपालपेटी आमच्या घरापासून औषधाच्या दुकानापलीकडे आहे. मी दोनदा तिच्यावरून पुढे गेलो, एकदा दुकानात जाऊन नको असलेल्या गोळ्या घेतल्या. मग पाकीट फटीत घातलं आणि हात तसाच राहिला. अर्धं पाकीट आत, अर्धं माझ्या बोटांत. मागे एक बाई तिचं पत्र घेऊन उभी होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

“आजोबा, अडकलंय का? मी ढकलू?”

“नको,” मी म्हणालो. “माझं मी टाकतो.”

आणि टाकलं.